मॉडेल लोकलवरचे बारकावे: किती, कुठे आणि कुठवर

मॉडेल रेल्वेवर किती बारकावे करायचे, हे हाताच्या कौशल्यावर किंवा खिशावर ठरवण्याआधी अंतरावर ठरवावं. गाडी किती लांबून आणि किती उंचीवरून पाहिली जाणार, हे पक्कं झालं की दारातला दांडा तारेचा करायचा की नुसता रंगवायचा, असल्या प्रश्नांची उत्तरं मोजपट्टीनेच मिळतात. मुंबईची बिगर-एसी लोकल आणि तिच्याभोवतीचं छोटं स्टेशन एचओ (१:८७) किंवा एन (१:१६०) मापात करणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं कमी मिळतात. त्यामुळे डबे बहुतेक वेळा स्टायरीन (प्लास्टिकची) शीट कापून किंवा थ्रीडी प्रिंट करून घरीच होतात, आणि कुठे थांबायचं हेही घरीच ठरवावं लागतं.

पहिली पायरी: नजरेचं माप काढा

चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. व्यवहारात याचं सूत्र सोपं आहे: पाहण्याचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३४४० ने भागा. ३० सेमीवरून ०.०९ मिमी, ६० सेमीवरून ०.१७ मिमी, १ मीटरवरून ०.३ मिमी आणि दीड मीटरवरून ०.४४ मिमी. याहून लहान वस्तू सुटी दिसत नाही.

आता हा आकडा मापाने गुणा. १ मीटरवरून एचओ गाडी पाहिली, तर खऱ्या गाडीवरची अडीच सेंटिमीटरपेक्षा बारीक वस्तू वेगळी उमटत नाही. एनमध्ये तीच मर्यादा साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जाते. ६० सेमीवरून एचओमध्ये दीड सेंटिमीटर, एनमध्ये पावणेतीन. शेल्फवरच्या मांडणीसमोर माणूस साधारण ६० सेमी ते १ मीटरवर उभा राहतो, म्हणून कामाची पट्टी हीच.

या नियमाला दोन अपवाद आहेत, आणि दोन्ही कामाचे आहेत. उजळ पार्श्वभूमीवरची एकच गडद रेषा मर्यादेपेक्षा बारीक असूनही दिसते. आभाळ रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर ओव्हरहेड वायर (रुळांवरची विजेची तार) नसेल तर ती उणीव लगेच जाणवते, ती यामुळेच. दुसरं म्हणजे, एकटी न दिसणारी वस्तू गर्दीने आली की सावली किंवा पोत म्हणून दिसते. खिडकीचे गज त्याचं उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक गज खऱ्यात जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा, एचओमध्ये ०.११ ते ०.१७ मिमी. १ मीटरवरून गज मोजता येत नाहीत, पण ते काढून टाकले तर खिडकी उघडी-बोडकी वाटते. अशा जागी वस्तू कोरायची गरज नसते, तिचा परिणाम दाखवला की पुरतं.

फोनचा कॅमेरा हा तिसरा प्रेक्षक. तो १५ सेमीवरून फोटो काढतो आणि पडद्यावर मोठा करून दाखवतो. फोटोसाठी डबा करायचा असेल तर एक-दोनच डबे त्या पातळीवर न्या. बारा डबे नेऊ नका.

दुसरी पायरी: उंची ठरवा, मग बाजू निवडा

टेबल ७५ ते ९० सेमी उंच असेल तर उभ्या माणसाला गाडीचं छप्पर सर्वांत जास्त दिसतं, बाजू तिरकी दिसते आणि बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) जवळजवळ दिसतच नाही. शेल्फ १२५ ते १३५ सेमीवर असेल तर उलट: बाजू, दारं, बोगी आणि खालचे बॉक्स समोर येतात, छप्पर कडेपुरतं उरतं. बरेच जण या गोष्टीचा विचारच करत नाहीत आणि टेबलावरच्या गाडीच्या ब्रेकच्या काड्या करण्यात आठवडे घालवतात, तर छप्पर मात्र एकरंगी गुळगुळीत राहतं.

लोकल नेहमी पादचारी पुलावरून पाहणाऱ्याला छप्पर नीट ठाऊक असतं. सिमेन्स रेकवर (सिमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाडीवर) हवा आत ओढणारे चौकोनी बॉक्स, पेंटोग्राफभोवतीचे (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याभोवतीचे) इन्सुलेटर, केबल, आणि या सगळ्यावर बसलेली तपकिरी धूळ. टेबल कमी उंचीचं असेल तर कामाचा मोठा वाटा इथेच द्या.

तिसरी पायरी: माप आणि जागेचा हिशोब

बारा डब्यांची लोकल साधारण २६० मीटर लांब असते. एचओमध्ये ती ३ मीटर होते, एनमध्ये १.६ मीटर. दहा फुटी भिंत ३.०५ मीटरची, म्हणजे एचओ गाडी ती भिंत पूर्ण व्यापते आणि धावायला जागाच उरत नाही. पूर्ण रेक हवा असेल तर मुंबईच्या खोलीत एन बरं. एचओच हवं असेल तर तीन-चार डबे करा आणि गाडीचं शेपूट पुलाखाली किंवा इमारतीमागे जाऊ द्या. चार डबे एक मीटरच्या आत बसतात आणि तेवढ्यावर मन लावून काम करता येतं.

लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद आणि २०.७ मीटर लांब असतो. एचओमध्ये ४२ मिमी बाय २३८ मिमी, एनमध्ये २३ मिमी बाय १३० मिमी. मेलगाडीचा आयसीएफ डबा ३.२५ मीटरच रुंद, म्हणजे एचओमध्ये ३७ मिमी. हा ५ मिमीचा फरक १ मीटरवरूनसुद्धा ठळक दिसतो. मेलगाडीच्या डब्यावर लोकलचे रंग चढवले तर इतर कितीही बारकावे केले तरी ती लोकल वाटत नाही. प्रमाण चुकलं की बारकावे त्याची भरपाई करू शकत नाहीत, म्हणून मापाला नेहमी पहिला मान द्या.

रुळांच्या अंतराबाबत मात्र तडजोड चालते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये तो १९.३ मिमी हवा. बाजारातला एचओ ट्रॅक १६.५ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी आहे. बाजूने पाहताना हा पावणेतीन मिमीचा फरक कळत नाही, नेमका समोरून पाहिला तरच कळतो. म्हणून गाडी थेट प्रेक्षकाच्या अंगावर येईल अशी मांडणी टाळा. नवीन गेजचा ट्रॅक हाताने घालणं शक्य आहे, पण मग प्रत्येक सांधा (गाडीचा मार्ग बदलणारा रुळांचा जोड), प्रत्येक चाकजोडी स्वतः करावी लागते. पहिल्या मांडणीसाठी ते धरू नये.

चौथी पायरी: गाडीची ओळख कशात आहे ते लिहून काढा

कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात दहा पावलांवरून लोकल ओळखू येते ती लक्षणं: रुंद डबा, सपाट तोंड, उघडी दारं, पांढरा-जांभळा रंग, छतावरचे बॉक्स, पेंटोग्राफ, फर्स्ट क्लासचे लाल-पिवळे तिरपे पट्टे, दारातली माणसं. दुसऱ्यात जवळ गेल्यावरच दिसणारं: दारातले दांडे, गज, हँडल, क्रमांक, केबल, पायऱ्या.

पहिला रकाना संपूर्ण रेकभर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. एक डबा अप्रतिम आणि बाकीचे तीन कोरे, असं झालं की नजर त्या फरकावरच अडकते. सारख्या पातळीचे चार साधे डबे त्याहून कितीतरी खरे वाटतात.

दुसऱ्या रकान्याचंही समान वाटप करायचं नाही. मोटरमनच्या केबिनचा डबा आणि पेंटोग्राफवाला डबा यांना सर्वाधिक द्या, मधल्या डब्यांना दारं आणि खिडक्यांपुरतं.

पाचवी पायरी: डब्याचं काम

दारं उघडी असल्यामुळे लोकलच्या आतली फरशी आणि दारातली मोकळी जागा सहज दिसते, पण आसनं खिडकीआड अर्धवटच दिसतात. त्यामुळे दारातल्या जागेत पूर्ण काम आणि आत नुसते आसनांचे ठोकळे, हे प्रमाण योग्य. आसनाच्या पाठी एचओमध्ये १ मिमी शीटच्या पट्ट्यांनी भागतात.

दारातला उभा दांडा खऱ्यात सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा, म्हणून एचओमध्ये ०.४ ते ०.४५ मिमी आणि एनमध्ये ०.२५ मिमी तार. १ मीटरवरून तो एचओमध्ये दिसतो, म्हणून तो करावाच. गिटारची ०१० नंबरची साधी तार बरोबर ०.२५ मिमी असते आणि सरळ राहते. पण ती पोलादी आहे, मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिली की गंजते. प्रायमर मारूनच बसवा, किंवा सरळ फॉस्फर ब्रॉन्झची तार वापरा.

तार नुसती पृष्ठभागावर चिकटवली की पहिल्याच धक्क्यात सुटते. तारेपेक्षा ०.०५ मिमी मोठं, निदान दीड-दोन मिमी खोल भोक पाडा. आधी सुईच्या टोकाने खूण करा, मग पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल धरायच्या हातातल्या दांड्यात) ड्रिल धरून सावकाश फिरवा. ०.३ मिमीचे ड्रिल सरळ दाबाने क्वचित मोडतात, तिरका दाब पडला की हमखास मोडतात. पाच-सहा जादा आणून ठेवा. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत विचारा. सुपरग्लू थेट नळीतून घालू नका. काचेच्या तुकड्यावर थेंब घ्या, तारेचं टोक त्यात बुडवा आणि भोकात सरकवा.

हातातले त्रिकोणी हँडल एचओमध्ये जेमतेम दीड मिमीचे होतात. ते फक्त दारासमोरच्या रांगेत लावा. एनमध्ये सोडून द्या.

गजांसाठी सर्वांत समाधानकारक उपाय म्हणजे पारदर्शक फिल्मवर लेझर प्रिंटरने छापलेल्या रेषा. एचओमध्ये ०.१५ मिमी जाडीची रेषा, आणि रंग काळा न ठेवता गडद राखाडी. काळ्या रेषा अंतरावरून जाड भासतात. फिल्म आतून लावताना सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढुरका होतो आणि तो पुसून जात नाही. फेविकॉलचे बारीक थेंब कडेला पुरेत.

डबा कुठे धरला जाणार, हेही आधी ठरवा. दोन्ही बाजूंना मध्यावर दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात नाजूक काहीच लावू नका. बोटं तिथेच जातात.

सहावी पायरी: खालचा भाग, वजन आणि वळण

गाडी उभी असताना देखणी आणि धावताना रुळावरून घसरणारी, याचं कारण बहुतेक वेळा नंतर चिकटवलेल्या वस्तू असतात. दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर एचओमध्ये सुमारे १७ सेमी. ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर बोगी साडेदहा अंशांपर्यंत वळते आणि डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला ८ मिमी सरकतो. म्हणून बोगीभोवतीची जागा रिकामी ठेवा, बॉक्स आणि टाक्या दोन बोगींच्या मधेच लावा, आणि गोंद पक्का होण्याआधी डबा सर्वांत तंग वळणावर हाताने ढकलून पाहा. वळणावर प्लॅटफॉर्म असेल तर तो ८ मिमी मागे घ्यावा लागतो आणि मग दार व प्लॅटफॉर्म यांत मोठी फट दिसते. प्लॅटफॉर्म सरळ भागातच घ्या, हा साधा उपाय.

खालचे बॉक्स ६० सेमीवरून छाया म्हणून दिसतात. आकार आणि ठेवण बरोबर असेल तर झाकणाचे बोल्ट, पाइपचे सांधे नकोत.

वजनासाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस उपयोगी आहे: एचओमध्ये १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. २३८ मिमीच्या डब्याला ते सुमारे १६० ग्रॅम होतं. एनमध्ये अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस, म्हणजे सुमारे ३६ ग्रॅम. वजन फरशीखाली ठेवा. छतावर पितळी भाग वाढवले की गुरुत्वमध्य वर जातो आणि डबा वळणावर डुलतो. बारा एचओ डबे पूर्ण वजनाचे केले तर दोन किलोच्या जवळ जातात आणि एकच मोटर त्यांना चढावर ओढू शकत नाही. तिथे वजन थोडं कमी ठेवून सगळे डबे सारखे ठेवणं चांगलं.

सातवी पायरी: दिवे

संध्याकाळच्या लोकलमध्ये दिव्यांना पर्याय नाही. लॅमिंग्टन रोडवर ०६०३ आकाराचे पांढरे एसएमडी (चपटे, अगदी लहान) एलईडी सुटे मिळतात. एका डब्याला चार पुरतात. १२ व्होल्टवर प्रत्येकाला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की दीड-दोन मिलिअँपिअर वीज जाते आणि उजेड खरा वाटतो. १ किलोओहम लावून नऊ मिलिअँपिअर दिले तर डबा जाहिरातीच्या पेटीसारखा झळकतो. चाकांतून येणारी वीज तुटक असते, म्हणून ब्रिज रेक्टिफायरनंतर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर लावा. तो साधारण पाव सेकंदाची तूट भरून काढतो. त्याचे धन-ऋण पाय उलटे लावले तर तो फुगतो आणि फुटतो. डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीवर) कॅपॅसिटरला मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर द्या, नाहीतर अनेक डबे एकदम भरताना शॉर्ट समजून यंत्रणा बंद पडते.

पांढऱ्या स्टायरीनमधून उजेड आरपार जातो आणि आख्खा डबा चमकतो. आतून आधी काळा थर, मग आतला रंग. डब्याच्या बाजू चिकटवण्याआधीच हे करायचं असतं, नंतर ब्रश पोचत नाही.

आठवी पायरी: रंग आणि मळ

मळवणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बारकावा आहे, कारण तो कुठल्याही अंतरावरून दिसतो. नवा कोरा रंग खेळण्याची आठवण करून देतो.

मूळ रंगात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळा. लहान मापात गडद शुद्ध रंग खऱ्याहून गडद दिसतो. मॅट वार्निशनंतर वॉश करा: एक भाग तपकिरी ॲक्रिलिक, आठ ते दहा भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे पाणी गोळे न होता सांध्यांत उतरतं. ब्रेकची लोखंडी धूळ बोगीवर आणि डब्याच्या खालच्या तिसऱ्या भागात जास्त, वर विरळ. छतावर पेंटोग्राफजवळ काळपट. पावसाच्या ओघळांचे पट्टे वरून खाली ओढायचे, कधीही आडवे नाहीत. शंका आली की थांबा. वाळल्यावर वॉश ओला असतानापेक्षा वेगळा दिसतो, एक रात्र जाऊ द्या.

जून ते सप्टेंबरमध्ये स्प्रे वार्निश दुधाळ होण्याची भीती असते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ थरात अडकते. पाऊस कोसळत असताना स्प्रे करू नका. करावाच लागला तर एसी खोलीत तासभर डबा आणि डबी ठेवून, पातळ थर द्या.

नववी पायरी: ट्रॅक

गाडीखालचा ट्रॅक जाड असेल तर गाडीवरचं सगळं काम वाया जातं. आपला ६० किलोचा (मीटरला ६० किलो वजनाचा) रूळ १७२ मिमी उंच, एचओमध्ये २ मिमी. मॉडेल रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड १०० चा रूळ २.५४ मिमी म्हणजे खऱ्यात २२ सेमीचा होतो. कोड ८३ चा २.१ मिमी, तो जवळजवळ नेमका. एनमध्ये कोड ८० तर सव्वातीनशे मिमी उंचीचा ठरतो, म्हणून कोड ५५ घ्या. स्लीपर काँक्रीटसारखे फिकट राखाडी-तपकिरी रंगवा, रुळांच्या बाजू गंजाच्या रंगाने, आणि वरचा पृष्ठभाग ओला असतानाच पुसा.

आपली खडी काळ्या बेसॉल्टची आणि कमाल ६५ मिमीची. एचओमध्ये पाऊण मिमी, एनमध्ये ०.४ मिमी. खडी मशीनचा भुगा चहाच्या गाळणीतून चाळा, मग मैद्याच्या चाळणीवर उरलेला घ्या. एनसाठी आणखी बारीक. भुग्यावरून चुंबक दोनदा फिरवा. लोहकण राहिले तर मोटर ते ओढून घेते आणि आतून बिघडते. खडी पसरून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा, मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि साबणाचा थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांपाशी गोंद जाऊ नये म्हणून तिथे खडी कोरडीच अगदी विरळ ठेवा. स्टेशनात ब्रेक लागतात, तिथली खडी थोडी तांबूस करा.

दहावी पायरी: ओव्हरहेड आणि स्टेशन

ओव्हरहेडची संपर्क तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर, एचओमध्ये ६३ मिमी. खरी तार सव्वाबारा मिमी जाडीची, म्हणजे एचओमध्ये ०.१४ मिमी. एवढी बारीक धातूची तार ताणून टिकत नाही, ०.२ मिमीपर्यंत तडजोड करा. ०.४ मिमीची तार लावली की सगळं स्टेशन जड दिसतं. मासेमारीची नायलॉन दोरी बारीक असते पण दमट हवेत पाणी शोषून लांबते आणि पावसाळ्यात लोंबकळते. पेंटोग्राफ तारेपेक्षा १ मिमी खालीच अडवा. प्रत्यक्ष टेकवला तर पहिल्या खांबाजवळ अडकून तार ओढून काढतो. सरळ मार्गावर खांबांतलं अंतर ७२ मीटरपर्यंत असतं, एचओमध्ये ८३ सेमी. छोट्या शेल्फवर ते ४०-५० सेमीवर आणलं तरी खटकत नाही.

प्लॅटफॉर्म ८४० ते ९२० मिमी उंच, म्हणजे एचओमध्ये पावणेदहा ते साडेदहा मिमी. स्टेशनच्या पाट्या लेझर प्रिंटरवर छापा, इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. १ मिमीपेक्षा लहान देवनागरी छापू नका, शिरोरेषा आणि मात्रा एकमेकांत मिसळून नुसता डाग होतो. तेवढ्या लहान सूचनांसाठी रंगीत पट्टी आणि दोन-तीन राखाडी रेषा पुरतात.

माणसं मात्र भरपूर लागतात. माणूसच नसलेली लोकल डेपोत उभी असलेली वाटते. १६५ सेमीचा माणूस एचओमध्ये १९ मिमी, एनमध्ये १० मिमी. आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी मिळणारी १:१०० ची स्वस्त माणसं एचओमध्ये १४४ सेमीची होतात, ती मागच्या रांगेत चालतात. परदेशी संचातल्या कोट घातलेल्यांच्या कोटाचा घेर कापून शर्ट करा, पातळ फेविकॉलात भिजवलेला टिश्यू पेपर घडी घालून साडी नेसवा. पोटाशी धरलेली सॅक ४ बाय ३ बाय २ मिमीच्या ठोकळ्याने होते, आणि ती एक वस्तू गर्दीला मुंबईची करते. चेहरे रंगवू नका. कपाळाखाली एक फिकट सावली पुरे. दारात तीन-चार जण दाटीने, आतल्या लोकांना कमरेपासून वरचंच ठेवा. प्लॅटफॉर्मवर माणसं समान अंतरावर पेरू नका. ती इंडिकेटरखाली, जिन्याजवळ आणि जिथे फर्स्ट क्लास व महिलांचे डबे येतात तिथे घोळक्याने उभी असतात, मधे मोकळ्या जागा असतात.

अकरावी पायरी: तपासणी आणि ठेवण

काम संपलं असं वाटलं की ठरवलेल्या अंतरावर, ठरवलेल्या उंचीवर उभे राहा आणि गाडी दोनदा समोरून जाऊ द्या. ज्या जागी नजर अडते, तिथेच हात घाला. जवळ वाकून सापडलेल्या उणिवा चौथ्या पायरीतल्या दुसऱ्या रकान्यात जातात.

पावसाळ्यासाठी डबे फोमच्या खाचेत, छप्पर वर करून ठेवा. पेंटोग्राफ खाली घ्या, फोम त्याला टेकू नये इतपत खाच मोठी कापा. हवाबंद डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल घाला आणि रंग बदलला की ते कढईत सावकाश गरम करून कोरडं करा. ती कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका. शेल्फसाठी एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेलं बोर्ड) टाळा, कडेने ओल शोषून ते फुगतं आणि रुळांचे सांधे वर येतात. १२ मिमी मरीन प्लाय घ्या आणि खालच्या बाजूसकट सगळ्या कडांना प्रायमर मारा. उघड्या मांडणीवरचे रूळ दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. त्याच्या चऱ्यांत मळ आणखी लवकर बसतो.